सातच्या आत न्याहारी
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य सप्ताहात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीट लावून दिला आहे. बोलण्यातली भाषा मात्र तशीच ठेवली आहे.)



आरोग्य सप्ताहात काल डॉक्टर बोलले, परवा योगशिक्षिका बोलल्या. आज व्यासपीठावर निवृत्त बँक अधिकारी कशाला, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. माझ्या घरी मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात. मुलाची बंदरातली ड्यूटी पाळ्यांची, आणि सूनबाईंना सव्वासातची गाडी पकडायची असते. त्यामुळे गेली सहा वर्षे दोन्ही नातवंडांची सकाळची न्याहारी माझ्याकडे आहे. नोकरीत बदलीच्या गावी एकट्याने राहताना स्टोव्हवर स्वयंपाक करायला शिकलो होतो, ते आता उपयोगी पडते आहे. तेव्हा मी बोलणार आहे ते तव्यासमोर उभे राहून शिकलेले. पुस्तकातले जे सांगेन ते तपासूनच सांगेन, ती बँकेची सवय अजून गेलेली नाही.

आपल्या सकाळी

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हाचे दिवस आठवा. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले होते, खाजगी टर्मिनल १९९९ मध्ये आले आणि त्यामागोमाग नोकरदार मंडळी या भागात घरे घेऊ लागली. लोकलचे नावही नव्हते. मुंबईला जायचे तर मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच, नाहीतर पनवेलमार्गे एस. टी. आता १२ जानेवारी २०२४ पासून अटल सेतू झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वेही आली. 'न्हावा शेवा' नावाचे स्टेशन झाले! प्रवासाचा वेळ वाचला. पण मंडळी, वाचलेला वेळ घरात कुठे आला? ज्यांना मुंबईची नोकरी पूर्वी शक्य नव्हती ते आता तिकडे जाऊ लागले, आणि घरातून निघायची वेळ होती तीच राहिली.

मुलांचेही तसेच. ट्रेलरच्या रांगा रस्त्यावर लागायच्या आत मुले पोहोचली पाहिजेत म्हणून स्कूलबस लवकर निघते. आपल्या गेटवर पहिली बस सहा वीसला. त्या वेळी गेटवर उभे राहून पाहा. एका मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा, दुसऱ्याच्या तोंडात पोळीचा न चावलेला तुकडा, तिसरी मुलगी नुसती झोपेत. आई धावत येऊन डबा देते, बाबा नाइटवरून परतत असतात. हे चित्र कुणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. सगळेच धावत आहेत.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच एका इमारतीतली सातवीतली मुलगी शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. हनुवटीला दोन टाके पडले. डॉक्टरांनी तपासले, आजार काही नव्हता. आदल्या रात्री ती साडेआठला जेवली होती आणि सकाळी फक्त अर्धा कप चहा पिऊन गेली होती. तिच्या आईने मला सांगितले, "काका, डब्यात सगळं होतं हो, पण डबा दहाला उघडतो." हे एक वाक्य माझ्या डोक्यात बसले. आजचे भाषण त्या वाक्यावरच आहे.

साधा हिशेब

रात्री साडेआठला जेवण आणि सकाळी दहाला मधली सुट्टी. मध्ये साडेतेरा तास जातात. तुम्ही-आम्ही मोठी माणसे एकादशीला सुद्धा एवढा वेळ सलग पोटात काही न घालता राहत नाही, साबुदाण्याची खिचडी असतेच! मुलाचा मेंदू तर सतत साखरेवर, म्हणजे रक्तातल्या ग्लुकोजवर चालतो. त्याचे शरीर वाढत असते, साठा लहान असतो. आणि नेमके त्याच साडेतेरा तासांच्या शेवटच्या टप्प्यात आपण त्याला गणित आणि विज्ञान शिकायला बसवतो.

हे मी एकटा म्हणत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट नमूद आहे की पौष्टिक न्याहारीनंतरचे सकाळचे तास अवघड विषयांच्या अभ्यासाला विशेष उपयोगी असतात. जिथे गरम जेवण देणे शक्य नाही तिथे शेंगदाणे किंवा चणे, गूळ आणि स्थानिक फळ द्यावे, असेही त्यात सुचवले आहे. म्हणजे दिल्लीतल्या तज्ज्ञांनी शेवटी आपल्या आजीचाच शेंगदाणा-गूळ मान्य केला!

तमिळनाडूने याच्या पुढे पाऊल टाकले. तिथल्या सरकारने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत मुख्यमंत्री न्याहारी योजना सुरू केली आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून ती राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. पहिली ते पाचवीची मुले शाळेत आली की आधी उपमा, खिचडी किंवा पोंगल खातात, मग वर्गात जातात.

आपल्याकडे शाळेतली खिचडी सर्वांना माहीत आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो कोरडे धान्य घरी मिळायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे राज्यांना बंधनकारक झाले. पण ती दुपारची सोय, आणि तीही सरकारी व अनुदानित शाळांत. सकाळची जबाबदारी घराचीच राहते.

आपल्या राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुख्य कारण मुलांची झोप. त्याचा फायदा न्याहारीलाही झाला. पण पाचवीपासूनच्या मुलांची सकाळची शाळा बऱ्याच ठिकाणी सातलाच भरते, आणि नेमके तेच वय उंची वाढण्याचे असते.

या मातीतली न्याहारी

आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत तिथे एकेकाळी भातशेती आणि मिठागरे होती. बंदर आणि नवे शहर त्या शेतांवर उभे राहिले, हे इथल्या आगरी-कोळी बांधवांना सांगायला नको. त्या घरांतली सकाळ कशी होती? मिठागरावर किंवा खाडीत जाणारा माणूस पहाटे पोटभर खाऊन निघायचा. तांदळाची भाकरी, सोबत सुकटाची किंवा जवळ्याची चटणी. नाहीतर तांदळाची पेज. घाम गाळणारे शरीर उपाशी पाठवायचे नाही, हा त्या घराचा नियम होता.

त्या ताटात काय नव्हते? भाकरीतून ताकद, सुक्या मासळीतून प्रथिने आणि चुना, म्हणजे कॅल्शियम. वर कांदा. हे सगळे अर्ध्या तासाच्या आत, चुलीवर. गॅस आणि मिक्सर असलेल्या आपल्याला ते जमू नये, असे काही नाही.

घाटावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात घावन आणि आंबोळी, विदर्भात तर्री-पोहे, देशावर थालीपीठ. आपल्या संस्थेत सगळ्या जिल्ह्यांची माणसे आहेत, शिवाय केरळची आहेत, गुजरातची आहेत, उत्तरेकडची आहेत. प्रत्येक घरात मुलाला सकाळी द्यायला काहीतरी चांगले होतेच. ते मागे पडले आणि त्याच्या जागी पुडा आला.

पुडा वाचायला शिका

बँकेत आम्ही कर्जाच्या कागदावरचा बारीक छापा आधी वाचायचो. पाकिटाचेही तसेच करा. पुढचा चकचकीत भाग सोडून द्या, पाकीट उलटे करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, तसा नियमच आहे. पहिल्या तिघांत साखर असेल तर त्या वस्तूला खाऊ म्हणा, न्याहारी म्हणू नका. मग शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते पाहा आणि त्या आकड्याला चारने भागा. म्हणजे साधारण किती चमचे साखर ते कळेल. आमचा धाकटा नातू आता दुकानातच हा भागाकार करतो आणि दुकानदार माझ्याकडे रागाने बघतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. शाळकरी मुलाला हा पाच टक्क्यांचा हिशेब दिवसाला चार-पाच लहान चमचे इतकाच पडतो. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नयेत, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळवले. कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. मे २०२५ मध्ये सी. बी. एस. ई. ने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. म्हणजे बाहेरही जाग येते आहे.

चहाबद्दल एक शब्द. चहा-बिस्किट ही आपल्याकडची सर्वात सोपी न्याहारी. पण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह शरीराला नीट मिळत नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, की जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी. वयात येणाऱ्या मुलींना लोहाची गरज जास्त असते. त्यांनी तर सकाळचा चहा सोडावाच. उलट पोह्यांवर लिंबू पिळले, की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त मिळते. पोह्यांवर लिंबाची फोड ठेवणाऱ्या बाईला हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते, पण पद्धत बरोबर होती.

न्याहारीत काय असावे

मी चारच गोष्टी बघतो. एक, धान्य: पोळी, भाकरी, पोहे, रवा, इडली काहीही. दोन, प्रथिने: डाळ, कडधान्य, अंडे, दूध, दही, शेंगदाणे. तीन, एखादे फळ किंवा भाजी. चार, एक पेला पाणी. चौथी गोष्ट सगळे विसरतात.

आपल्या न्याहारीत धान्य असते, प्रथिने कमी पडतात. आकडे सांगतो. आपल्याकडच्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलाला ३२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. एक पेला दुधात तितकीच. मूठभर, म्हणजे वीस ग्रॅम शेंगदाण्यांत ५ ग्रॅम. सकाळी आठ-दहा ग्रॅम गेले की दिवसाची सुरुवात चांगली झाली असे समजा. हे अवघड नाही. साध्या पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि वाटाणे टाकले आणि सोबत पेलाभर दूध दिले की झाले.

आता प्रत्यक्ष तव्यावर

भगिनींनो, तुम्हाला पदार्थ शिकवायची माझी हिंमत नाही. ही यादी खरे तर मागच्या रांगेत बसलेल्या पुरुष मंडळींसाठी आहे. प्रत्येक पदार्थ सकाळी दहा-बारा मिनिटांत होतो. अट एकच, थोडी तयारी आदल्या रात्री किंवा रविवारी केलेली असावी.

मुगाचे धिरडे. रात्री झोपताना एक वाटी हिरवे मूग भिजत घाला. सकाळी मिक्सरमधून आले, जिरे, अर्धी मिरची आणि मीठ घालून वाटा. मूठभर कोथिंबीर घाला. तव्यावर पसरा, कडेने थोडे तेल. वाटीत साधारण दीडशे ग्रॅम मूग बसतात, म्हणजे पस्तीसएक ग्रॅम प्रथिने. चौघांत वाटली तरी प्रत्येकाला आठ-नऊ ग्रॅम. आंबवण्याची भानगड नाही. हिरवा रंग पाहून मुले नाक मुरडतील तर पिवळी मुगाची डाळ घ्या, ती दोन-तीन तासांतही भिजते.

घावन. तांदळाचे पीठ, मीठ आणि पाणी, ताकासारखे पातळ. बिडाचा तवा कडक तापवून ओता, झाकण ठेवा, मिनिटभरात जाळी पडते. नुसते घावन म्हणजे धान्यच झाले. म्हणून सोबत ओल्या खोबऱ्याची आणि डाळ्याची चटणी द्या, किंवा आदल्या रात्रीची उसळ गरम करून द्या.

नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. दोन वाट्या नाचणीचे पीठ, एक वाटी तांदळाचे पीठ, अर्धी वाटी बेसन असे कोरडे मिश्रण रविवारी डब्यात भरून ठेवा. सकाळी ताकात कालवून, कांदा किसून घालून धिरडी करा. तापाने तोंड कडू झालेल्या मुलाला हीच नाचणी आंबील म्हणून द्या: ताकात पीठ कालवून उकळत्या पाण्यात सोडायचे, शिजले की मीठ-जिरे.

थालीपीठ. भाजणी तयार असली तर यासारखे दुसरे नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरे. धान्य आणि डाळ एकत्र असल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. प्लॅस्टिकच्या कागदावर थापून तव्यावर टाका. सोबत दही किंवा घरचे लोणी.

फोडणीची पोळी. रात्रीच्या चार पोळ्या कुस्करा, कांदा, मोहरी, हळद, शेंगदाणे घालून परता, वर लिंबू. अंडे खाणाऱ्यांनी त्यातच दोन अंडी फोडून घातली तर उत्तमच. शिळी पोळी मुलांना आवडत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा करून पाहा.

अंडा पोळी. तव्यावर अंडे फेटून पसरा, ओले असतानाच त्यावर पोळी ठेवा, उलटा, गुंडाळी करून कागदात द्या. बसपर्यंत चालत खाता येते. मंगळवार-शनिवार पाळणाऱ्यांनी त्या दिवशी आत पनीर किंवा बटाटा घालावा.

दहीपोहे. हा पदार्थ न शिजवता होतो. पातळ पोहे, दही, थोडे दूध, मीठ, वर फोडणी. फोडणी नसली तरी चालते. उन्हाळ्यात परीक्षेच्या दिवसांत पोटाला थंड.

आणि अगदीच काही जमले नाही, गॅस संपला, अलार्म वाजला नाही, तर? एक केळे, एक शेंगदाण्याचा लाडू आणि पेलाभर दूध. शेंगदाणे भाजून कूट करायचे, गूळ किसून मिसळायचा, वळायचे. तीन आठवडे सहज टिकतात. घरात हा डबा कधी रिकामा ठेवू नका, तो आपला राखीव निधी समजा. आता हे गार खाणे कमीपणाचे वाटायचे कारण नाही. १९३० च्या दशकात नॉर्वेतल्या ऑस्लो शहराने शाळकरी मुलांना न्याहारी द्यायला सुरुवात केली. त्यात शिजवलेले काहीच नसे. पाव, चीज, दूध, फळ किंवा कच्चे गाजर, एवढेच. 'ऑस्लो ब्रेकफास्ट' म्हणून ती पुढे जगभर नावाजली.

एक सूचना. काही मुलांना शेंगदाणे, अंडी किंवा दूध चालत नाही. दुसऱ्याच्या मुलाला काही देण्यापूर्वी त्याच्या घरी विचारा.

मूल खातच नाही, त्याचे काय?

ही तक्रार मी रोज लिफ्टमध्ये ऐकतो. "आजोबा, सकाळी त्याच्या घशाखालीच उतरत नाही." खरे आहे. पण त्याचे कारण सकाळी सापडत नाही, ते आदल्या रात्री सापडते. रात्री दहाला जेवलेले, साडेअकराला मोबाईल ठेवून झोपलेले मूल पावणेसहाला उठल्यावर भुकेले कसे असेल? जेवण आठपर्यंत, झोप साडेनऊपर्यंत, एवढे पंधरा दिवस करून पाहा. भूक आपोआप जागी होईल.

उठल्या उठल्या ताट पुढे ठेवू नका. आधी पाणी, तोंड धुणे, आंघोळ, मग खाणे. जबरदस्ती तर नकोच, रडत खाल्लेले अंगी लागत नाही. ज्यांना खरोखरच थोडेच जाते त्यांनी न्याहारीचे दोन भाग करावेत: निम्मी घरी, निम्मी बसमध्ये किंवा पहिल्या तासाआधी. आणि दोन पर्याय मुलालाच विचारा. "काय खाशील?" असा मोकळा प्रश्न विचारला तर उत्तर नूडल्सच येणार. "धिरडे की पोहे?" असे विचारा.

मुलांना कामालाही लावा. आमची नात चौथीत असल्यापासून रात्री मूग भिजत घालते. मूग आपण भिजवले म्हणून सकाळी धिरडे कसे झाले ते बघायला ती येते आणि बघता बघता खाते. ज्या कामात हात असतो ते खाणे नाकारायला जड जाते.

न्याहारी कोणाची जबाबदारी?

आता थोडे कडू बोलतो. स्मरणिकेत छापले तरी चालेल.

मुलगी चक्कर येऊन पडली तेव्हा चार जणांनी तिच्या आईला विचारले, "काही खायला दिलं नव्हतं का?" बाबांना एकानेही विचारले नाही. आजोबा घरात आहेत, त्यांनाही नाही. ही माउली साडेचारला उठते, तीन डबे भरते, पाण्याच्या वेळा सांभाळते, स्वतः काही न खाता गाडी पकडते. घरातल्या सगळ्यांच्या न्याहारीची चिंता करणारी बाई स्वतः उपाशी निघते, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात येते? घराच्या न्याहारीचा हिशेब मांडताना तिचे ताट पहिल्या ओळीत धरा.

आपल्या संस्थेत निवृत्त माणसे भरपूर आहेत. सकाळी पाचला आम्ही सगळे जागेच असतो. फिरायला जातो, बाकावर बसतो, सरकारवर टीका करतो. त्यातली वीस मिनिटे तव्याला दिली तर सूनबाईंचा श्वास मोकळा होईल आणि नातवंडांशी दोन शब्द बोलणेही होईल. मुले दिवसभरात आपल्याशी काय बोलतात? पण तव्यावरून ताटात पडणाऱ्या गरम धिरड्यासमोर ती बोलतात. कुणाशी भांडण झाले, कोणत्या बाई ओरडल्या, कोणता पेपर अवघड गेला, हे सगळे मला सहा ते सव्वासहा या वेळात कळते. नोकरीत मी बऱ्याच मुदत ठेवी उघडल्या, पण एवढे चांगले व्याज कुठल्याच ठेवीवर पाहिले नाही.

बाबा मंडळींनो, तुम्ही रात्रपाळी करून येता, थकलेले असता, मान्य. पण रविवारी भाजणी दळून आणणे, नाचणीचे मिश्रण करणे, लाडू वळणे, केळी आणणे ही कामे तुमची. आठवड्याचा तक्ता फ्रिजवर लावा. सोमवारी पोहे, मंगळवारी मुगाचे धिरडे, बुधवारी अंडा पोळी, गुरुवारी थालीपीठ, शुक्रवारी घावन-उसळ, शनिवारी फोडणीची पोळी. सकाळी "आज काय करू?" या विचारातच दहा मिनिटे जातात. तक्ता असला की ती वाचतात.

संस्थेकडे एक मागणी

शेवटी रौप्यमहोत्सवी समितीपुढे एक प्रस्ताव ठेवतो.

गेटवरच्या सुरक्षा केबिनमध्ये एक झाकणाचा डबा ठेवावा. त्यात केळी आणि शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की. ज्या मुलाची न्याहारी त्या दिवशी काही कारणाने चुकली, त्याने एक केळे, एक लाडू घ्यावा आणि बसमध्ये चढावे. नाव विचारायचे नाही, आईला चिडवायचे नाही. ज्या मुलांना शेंगदाणे चालत नाहीत त्यांच्या पालकांनी केबिनमध्ये तशी नोंद द्यावी. एका इमारतीने एक आठवडा सांभाळला तर कुणावरच ओझे पडणार नाही.

आणि हा डबा फक्त सभासदांच्या मुलांसाठी नसावा. आपल्या घरी पहाटे कामाला येणाऱ्या ताईंची मुले, रात्रपाळीच्या वॉचमनची मुले याच रस्त्याने शाळेत जातात. ज्या ताई आपल्या घरी सहाला येऊन पोळ्या लाटतात, त्यांच्या मुलांसाठी सकाळी पोळी कोण लाटते? या प्रश्नाचे उत्तर मला सोयीचे वाटत नाही, तुम्हालाही वाटणार नाही. निदान एक केळे आणि एक लाडू तरी आपल्याकडून त्यांना मिळावा.

खर्चाची काळजी करू नका. पहिल्या तीन महिन्यांची केळी माझ्या निवृत्तिवेतनातून. लाडवांची जबाबदारी ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने घ्यावी, दर रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये जमून वळू. जमाखर्चाची वही मी ठेवीन आणि ती दर महिन्याला सूचना फलकावर लागेल. वार्षिक सभेत त्यावर प्रश्न विचारायला सर्वांना मुभा आहे, नेहमीचे दोन सभासद विचारतीलच!

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले, कॅमेरे बसवले. हे सगळे आवश्यकच होते. पण या संस्थेतून सकाळी एकही मूल उपाशी बसमध्ये चढत नाही, असे सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत कुणी लिहू शकले, तर ते या इमारतींच्या रंगरंगोटीपेक्षा मोठे काम ठरेल. तोपर्यंत मी असेन-नसेन, आज पुढच्या रांगेत चुळबुळ करणारी ही मुले मात्र असतील. तेव्हा तवा त्यांच्या हातात असेल.

 बाहेर महिला मंडळाने मुगाची धिरडी ठेवली आहेत. गार व्हायच्या आत चला.

जय हिंद, जय महाराष्ट्र!